हेलिकॉप्टर, ब्रेक फेल आणि एक लोखंडी कुत्रा

अमेरिकेत २००३ साली 'मॉन्स्टर मट' नावाचा एक ट्रक मैदानात उतरला. मट म्हणजे गावठी कुत्रं, ज्याच्या आईबापाचा पत्ता नाही असं. या ट्रकला कुत्र्यासारखे लोंबते कान, बाहेर आलेली जीभ आणि मागं शेपूट. आणि खाली मात्र साडेपाच फूट उंचीची चार चाकं. असल्या ट्रकांचं वजन पाच टनांच्या आसपास असतं आणि इंजिन साधारण १५०० अश्वशक्तीचं, डिझेलवर नव्हे तर मेथॅनॉलवर चालणारं. आपल्या भाषेत सांगायचं तर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे पन्नास अश्वशक्तीचे तीस ट्रॅक्टर एका बोनेटखाली. एवढं सगळं कशासाठी? तर मातीच्या ढिगावरून उडी मारायला, जुन्या मोटारी चिरडायला आणि दुसऱ्या ट्रकाशी शर्यत लावायला. पुढं या मटचे भाऊबंदही निघाले, एक रॉटवायलर आणि एक डाल्मेशियन. डाल्मेशियन बरीच वर्षं कॅन्डिस जॉली नावाची बाई चालवायची.

कोल्हापूरच्या माणसानं या ट्रकाचं काय करायचं, असा प्रश्न पडेल. पण थांबा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावला 'श्रीनाथ केसरी' नावाचं बैलगाडा शर्यतीचं मैदान भरलं. डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी भरवलेलं. पहिलं बक्षीस फॉर्च्युनर गाडी. ते मैदान कोल्हापूरकडच्या जोडीनं मारलं. बैलांची नावं काय होती? एक 'हेलिकॉप्टर बैज्या' आणि दुसरा 'ब्रेक फेल'.

मी ही बातमी वाचली आणि मला तो लोखंडी कुत्रा आठवला. तिकडं यंत्राला कान, जीभ, शेपूट लावून त्याचं जनावर करतात. आमच्याकडं खरंखुरं कान-शेपूट असलेल्या जनावराला यंत्राचं नाव देतात. आणि गंमत म्हणजे गाडीवर उभ्या असलेल्या माणसाला आमच्याकडं गाडीवान म्हणत नाहीत, 'ड्रायव्हर' म्हणतात. ही फॅशन आजची नाही. शर्यतीच्या दुनियेत 'ड्रायव्हर' हा शब्द आता इतका मुरलाय की दुसरा शब्द वापरला तर समोरचा विचारेल, पाव्हणं कुठलं?

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही (पुण्या-मुंबईचे बरेच वाचक त्यात असणार, त्यांनी रागावू नये) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. महाराष्ट्रात बैलांची शर्यत एकाच प्रकारची नाही. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट त्यात नावाजलेला. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला ती घाटात होते. तिथं गाड्यात माणूस नसतो, पुढं घोडी पळते आणि सगळा खेळ सेकंदांवर. आमच्या कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडं मात्र हलका छकडा, त्याला दोन बैल, वर एक ड्रायव्हर आणि शेजारच्या फाट्यांतून धावणाऱ्या बाकीच्या गाड्या. घड्याळाशी नाही, थेट बाजूच्याशी झुंज. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, गटात पहिला येणारा सेमीला, तिथून फायनलला. शेवटी झेंडा घेऊन पंच उभा. फायनल होईपर्यंत अनेकदा सूर्य बुडायला येतो आणि पंचाला कुणाचं नाक पुढं होतं ते दिसत नाही. मग जे व्हायचं ते होतं. हल्ली कॅमेरा लावतात, त्यामुळं भांडणं कमी झाली असं म्हणतात. माझा विश्वास नाही.

मोटार शर्यतीत इंजिनाच्या ताकदीवर वर्ग पडतात. इथं वर्ग पडतात दातांवर. पक्के दात न आलेला खोंड म्हणजे 'आदत'. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दोन पक्के दात येतात, तो 'दुसा'. चार दात आले की 'चौसा'. पाचेक वर्षांत सगळे दात आले की तो जुळला. मैदानात आलेल्या खोंडाचं तोंड उघडून दात मोजणारा माणूस आणि गॅरेजमध्ये बोनेट उघडून आत वाकलेला माणूस, दोघांच्या चेहऱ्यावर अगदी एकच भाव असतो.

आणि 'पैरा' ही चीज तर मोटारवाल्यांकडं नाहीच. शेतीच्या कामात एकमेकांकडं माणूस-बैल देण्याघेण्याला पैरा म्हणतात, तोच शब्द इथं आला. जोडीतले दोन्ही बैल एकाच मालकाचे असतील असं नाही. एकाचा बैल डाव्या खांद्याला चांगला चालतो, दुसऱ्याचा उजव्या. मग दोन गावचे दोन मालक पैरा करतात. २०२३ साली भाळवणीच्या मैदानात थार गाडी जिंकणारी बकासुर आणि महिब्या ही जोडी अशीच गाजली. या पैऱ्याच्या वाटाघाटी ऐकाव्यात, सोयरीक परवडली. कुणाचा बैल सुटताना दबतो, कुणाचा मधे ओढ घेतो, कुणाचा शेवटी बाहेर फाकतो, सगळं काढलं जातं. नवरा मुलगा काय करतो हे कुणी इतक्या बारकाईनं विचारत नसेल.

बैल बहुतेक खिलार. माणदेश, आटपाडी, सांगोला, खरसुंडीच्या बाजारांतून आलेली ही जात. पांढरी, सडपातळ, शिंगं मागं खेचलेली, पाय लांब आणि खूर टणक. दुष्काळी माळावर कमी चाऱ्यात लांब चालण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं हे जनावर. दूध देण्यात खिलार गाय मागं, म्हणून दुधाच्या हिशेबात ती हरते. तिची सगळी मदार गोऱ्ह्यावर.

आता खरा मुद्दा. या खेळाचा इतिहास लिहायचा म्हटला तर मधे एक भोक आहे.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं एक अधिसूचना काढली. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा. त्याच्या कलम २२ खाली, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवायचं नाही, दाखवायचं नाही, अशी यादी असते. तिच्यात बैल घातला. (याच कलमाखाली १९९१च्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या यांच्या जोडीला चक्क कुत्राही होता. सर्कसवाले कोर्टात गेले आणि १९९८च्या नव्या यादीतून कुत्रा सुटला, सिंह अडकला.) मग शर्यती बंद, २०१२ मध्ये उच्च न्यायालयातही बंदीवर शिक्का, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून अटी घालून परवानगी, आणि ७ मे २०१४ ला जल्लिकट्टूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यात तामिळनाडूच्या वळूंबरोबर महाराष्ट्राची बैलगाडीही थांबली.

२०१७ मध्ये तामिळनाडूत मरीना बीचवर माणसं बसली, तिथं कायदा बदलला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानंही कायदा केला, राष्ट्रपतींची संमती आली, आणि उच्च न्यायालयानं शर्यतींना स्थगिती दिली. युक्तिवाद असा की बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही. मग सरकारनं काय करावं? बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर अहवाल तयार करून घेतला. माणदेशातल्या धनगराला विचारलं असतं तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं, पण कोर्टात कागद लागतो. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला.

मे २०१४ ते डिसेंबर २०२१. मोजून बघा, साडेसात वर्षं. आमच्याकडं या मुदतीला एक खास नाव आहे, ते सांगायची गरज नाही. शनीनं हिशेबात एखादा महिना वर घेतला, एवढंच.

कायद्याच्या पुस्तकात साडेसात वर्षं म्हणजे काही नाही, एखाद्या दिवाणी दाव्याची सुरुवातही एवढ्यात होत नाही. पण बैलाच्या आयुष्यात? २०१२ साली जन्मलेला खोंड निकालाच्या दिवशी आदत होता. तो दुसा झाला, चौसा झाला, जुळला, त्याचा सगळा भर गोठ्यात उभ्या उभ्या ओसरला, आणि परवानगी आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. एक आख्खी पिढी मैदान न बघता म्हातारी झाली. लढाईच्या काळात ऑलिंपिक झालं नाही म्हणून ज्यांची वर्षं वाया गेली त्या खेळाडूंबद्दल आपण हळहळतो. या बैलांची नावंसुद्धा कुणाकडं नाहीत.

(चोरून शर्यती होत नव्हत्या असं मी म्हणत नाही. व्हायच्या. पहाटे, आडरानात, फोनवर निरोप देऊन. गुन्हेही दाखल व्हायचे. २० ऑगस्ट २०२१ ला आमदार गोपीचंद पडळकरांनी आटपाडी तालुक्यातल्या झरे इथं बंदी मोडून शर्यत जाहीर केली. पोलिसांनी आजूबाजूच्या गावांत संचारबंदी लावली, तरी पहाटेच माळावर गाड्या पळाल्या. पण चोरून मारलेलं मैदान बैलाच्या नावावर चढत नाही.)

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर वाटेल मी नुसताच हळहळतोय. बंदी आकाशातून पडली नव्हती. पराणीची आर ढुंगणात टोचणं, शेपूट पिरगळणं, चावणं, बॅटरीचा झटका देणं, हे मैदानात होत होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींच्या पुढं याचे अहवाल होते. "आम्ही बैलाला लेकरासारखं सांभाळतो" असं म्हणणारा मालक खोटं बोलत नसतो. तो खरंच त्याला उडदाची डाळ, अंडी, दूध चारतो. पण त्याच बैलाच्या मागं उभा असलेला ड्रायव्हर त्या वीस-पंचवीस सेकंदांत काय करतो ते तो बघत नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं करतो. आता नियमात काठी नाही, चाबूक नाही, अंतर जास्तीत जास्त हजार मीटर, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम शर्यत बंद पडल्यामुळंच आले, आधी स्वतःहून कुणी केले नाहीत. माझं मत विचाराल तर साडेसात वर्षांची किंमत बैलांनी मोजली आणि नियम माणसांना मिळाले.

मात्र दुसरी बाजूही आहे. साखर कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात उभं राहून बघा. टायरगाडीवर उसाचा डोंगर, चढाला गुडघ्यावर आलेले बैल, तोंडाला फेस. त्याला कुणी खेळ म्हणत नाही, म्हणून ते कलम २२ मध्ये येत नाही. बैल राबला तर ते काम आणि पळाला तर तो तमाशा, ही विभागणी मला कधी नीट कळलेली नाही. बेंदराला (आमच्याकडं दोन, कर्नाटकी ज्येष्ठात आणि महाराष्ट्रीय आषाढात) त्याच बैलांच्या शिंगांना रंग लावून कर तोडायला पळवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जू.

अमेरिकेनं या भानगडीतून वेगळी वाट काढली. तो कुत्र्याचा ट्रक ज्या 'मॉन्स्टर जॅम' खेळात धावला, तो २००८ पासून फेल्ड एंटरटेनमेंट या कंपनीकडं आहे. याच कंपनीची रिंगलिंग ब्रदर्स ही जगप्रसिद्ध सर्कस. तिच्यावर हत्तींवरून वर्षानुवर्षं खटले आणि निदर्शनं. मे २०१६ मध्ये त्यांनी हत्तींचा शेवटचा खेळ केला, वर्षभरात सर्कसच बंद केली. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, एकही प्राणी न घेता. एक कुत्रा मात्र होता त्यात, यंत्राचा. म्हणजे एकाच मालकाकडून हत्ती गेले, वाघ गेले, आणि राहिली ती लोखंडाची कुत्री. त्यांना उडदाची डाळ लागत नाही, त्यांच्यासाठी कुणी कोर्टात जात नाही. उलटले तर दुसऱ्या दिवशी नवीन कान बसवतात.

हिशेब म्हणून हे उत्तम आहे. आमच्याकडं हा तोडगा चालेल का? यंत्रांचा नाद इथं कमी नाही. जत्रेत ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उलटा, रिव्हर्समध्ये, खांबांच्या मधून नेण्याच्या स्पर्धा लागतात आणि त्यालाही गर्दी लोटते. पण ट्रॅक्टर आला म्हणूनच तर बैल गेला. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधे देशातले गायवर्गातले नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले, आणि त्याच काळात गायी १८ टक्क्यांनी वाढल्या. गोऱ्हा जन्मला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. नांगराला नको, मोटेला नको, २०१५ पासून राज्यात बैल कापायलाही बंदी, मग विकायचा कुणाला? या सगळ्यात एका खिलार गोऱ्ह्याला लाखांची किंमत येऊ शकते अशी एकच जागा उरलीय, ती म्हणजे फाटी. माझ्या ओळखीचे दोन जण तर असे आहेत की त्यांच्याकडं गुंठाभर शेत नाही, पण दावणीला खोंड आहे. विचारलं तर उत्तर एकच, नाद.

म्हणून मला त्या बक्षिसांची मोठी मौज वाटते. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीला मोठी शर्यत झाली, तिचं पहिलं बक्षीस होतं जेसीबी. नंतर थार, मग फॉर्च्युनर, आणि ट्रॅक्टर तर आता खालच्या नंबरांना देतात. ज्या यंत्रांनी बैलाला शेतातून हाकललं तीच यंत्रं तो आता मैदानात जिंकून मालकाच्या दारात आणून उभी करतो. बैलाला त्यात बसता येत नाही हा भाग वेगळा. तो पिकअपमधून घरी जातो.

राहता राहिला ड्रायव्हर. तिकडं ट्रकाचं नाव कंपनीचं असतं, ड्रायव्हर बदलत राहतात, एकाच नावाचे दोन-दोन ट्रक एकाच रात्री दोन शहरांत धावू शकतात. पण कुठल्या वर्षी कुणी चालवला, कुठं जिंकला, कुठं उलटला, याची एकेक नोंद ठेवलेली. मट आणि त्याची डाल्मेशियन कुणी कुणी हाकली ते आज कोल्हापुरात बसून वाचता येतं. आमच्या ड्रायव्हरची नोंद कोण ठेवतो? छकड्यावर तो बसत नाही धड, उभाही राहत नाही, दोन बैलांच्या मागं वाकून लोंबकळत असतो. हातात फक्त कासरा आणि तोंडात आरोळी. पडला तर मागच्या गाडीचं चाक. मैदान मारलं की गुलाल बैलावर, फेटा मालकाला, आणि बक्षिसातला त्याचा वाटा ठरेल तसा. स्पर्धेच्या पत्रिकेवर बैलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव. ड्रायव्हरचं नाव असलं तर शेवटी.

पूर्वी निदान निवेदकाला सगळं पाठ असायचं. कुठला बैल कुठल्या गाईचा, कुणाच्या दावणीतून कुणाकडं गेला, कुणी हाकला, कुठं हरला. स्पीकरवर तो दिवसभर वंशावळ सांगत राहायचा, कीर्तनकारासारखा. त्याचा घसा बसला की इतिहासही बसायचा. आता निदान प्रत्येक मैदानाचा व्हिडिओ निघतो. गेल्या चार वर्षांतली नावं कदाचित टिकतील. हेलिकॉप्टर बैज्या टिकेल, ब्रेक फेल टिकेल, बकासुर तर टिकेलच. २०१४च्या आधीची नावं हवी असतील तर पासष्ट-सत्तरीच्या म्हाताऱ्यांना गाठावं लागतं. मी एकदोघांना विचारून बघितलं. बैलांची नावं, रंग, शिंगांची ठेवण, सगळं भडाभडा सांगतात. ड्रायव्हर कोण होता म्हटलं की थबकतात, डोकं खाजवतात, आणि म्हणतात, "हुता की कोनतरी. चांगला हुता पन."